मॉनिटरच्या मागचा माणूस: पेर ब्रिंच हॅन्सन

इंजिनिअरिंगला ज्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय घेतलाय त्यांना 'सेमाफोर आणि मॉनिटरमधला फरक सांगा' हा प्रश्न माहीत असणारच, व्हायवाला हमखास येतो, पेपरला पण येतो, आणि सगळे तो पाठ करून जातात, लिहून येतात आणि विसरतात. दोन्ही एकाच कामाच्या युक्त्या, एकाच वेळी चालणारी अनेक कामं एकाच डेटावर एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून; मॉनिटर म्हणजे इथे स्क्रीन नाही. मॉनिटर कोणी काढला असं विचारलं तर बहुतेक जण टोनी होर या ब्रिटिश कॉम्प्युटर शास्त्रज्ञाचं नाव सांगतील, आणि ज्याचं नाव त्याच्याही आधी यायला पाहिजे तो पेर ब्रिंच हॅन्सन तळटिपेत कुठेतरी पडलेला असतो. मी पुण्यात जावाचं बॅकएंडचं काम करतो, दिवसभर थ्रेड (एकाच प्रोग्रॅमची एकाच वेळी चालणारी कामं), लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप), क्यू (रांग) याच गोष्टी, आणि गेली काही वर्षं या डॅनिश माणसाचे पेपर शोधून शोधून वाचतोय. त्याच्याबद्दल मराठीत काही लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहूया.

आधी थोडं घरचं. जन्म १३ नोव्हेंबर १९३८, फ्रेडरिक्सबर्ग, म्हणजे कोपनहेगन शहराने चारी बाजूंनी वेढलेलं एक वेगळं गाव. वडील योर्गन ब्रिंच हॅन्सन सिव्हिल इंजिनिअर, आणि इथे आपल्याकडच्या सिव्हिलवाल्यांचे कान टवकारतील, कारण सॉइल मेकॅनिक्समध्ये पायाखालची जमीन किती भार घेईल ते काढायचं जे 'हॅन्सनचं समीकरण' असतं ना, ते या वडिलांचं. म्हणजे एकाच घरातल्या बाप-लेकाचं काम आपल्याकडे दोन वेगळ्या ब्रँचची पोरं शिकतात आणि दोघांनाही पत्ता नसतो. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

पेर १९६३ ला डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रॉनिक इंजिनिअर झाला. कॉम्प्युटर सायन्स नावाची डिग्री तेव्हा तिथे नव्हतीच. पहिली नोकरी रेग्नेसेंट्रालेन या कंपनीत, डेन्मार्कचा पहिला कॉम्प्युटर डास्क तिथेच बनलेला, आणि कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्रॅम तपासून मशीनला कळेल असा करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टीममध्ये पीटर नौर, म्हणजे अल्गोल ६० या भाषेचा रिपोर्ट ज्याने संपादित केला तो. तर हा पोरगा कामाला लागला तोच कोबोलच्या कंपायलरवर. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण पुढे आयुष्यभर त्याने कंकरन्सीकडे, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवण्याकडे, बघितलं ते कंपायलर लिहिणाऱ्याच्या नजरेने. ऑपरेटिंग सिस्टिमवाले लोक विचारायचे की हे चालवायचं कसं, आणि हा विचारायचा की यातली चूक प्रोग्रॅम चालायच्या आधीच कशी पकडायची.

चूक म्हणजे कसली ते एकदा नीट बघूया, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. समजा एका व्हेरिएबलमध्ये खात्यातली शिल्लक आहे, १०००. दोन थ्रेड एकाच वेळी त्यातून ८०० काढायला आले. पहिल्याने वाचलं, १००० आहेत, पुरेसे आहेत. तेवढ्यात प्रोसेसरने त्याला थांबवून दुसऱ्याला चालू केलं, त्याने पण वाचलं, १००० आहेत, पुरेसे आहेत, त्याने ८०० वजा करून २०० लिहून ठेवले. मग पहिला परत जागा झाला, त्याच्या लेखी अजून हजारच आहेत, त्याने पण २०० लिहिले. खात्यातून १६०० गेले आणि शिल्लक दाखवते २००. कोडची एकेक ओळ वाचली तर कुठेच चूक नाही, चूक आहे ती दोघांच्या ओळी एकमेकांत कशा मिसळल्या त्यात, आणि ते मिसळणं दर वेळी वेगळं असतं.

याचा त्रास काय असतो ते ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. मी आधी एका ठिकाणी होतो तिथे बुकिंगच्या सिस्टिममध्ये अधूनमधून एकच सीट दोघांना विकली जायची. टेस्टिंगला कधीच नाही, आमच्या मशीनवर कधीच नाही, फक्त गर्दीच्या वेळी आणि फक्त प्रॉडक्शनला. मग आम्ही संशय असलेल्या जागी लॉगच्या ओळी टाकल्या, तर ते व्हायचंच बंद झालं! कारण जावात प्रिंट करायच्या त्या मेथडच्या आत स्वतःचा लॉक असतो, त्यामुळे थ्रेड तिथे एकामागे एक रांगेत लागायला लागले आणि वेळेचं सगळं गणितच बदललं. लॉग काढले की बग परत हजर. टीममधल्या एका सीनियर ताईंनी शेवटी सगळं कोड कागदावर छापून पेन्सिलीने ओळ अन् ओळ ताडून ते शोधलं. ब्रिंच हॅन्सन अशा चुकांना वेळेवर अवलंबून असलेल्या चुका म्हणायचा, आणि त्याचा अख्खा करिअर बघितला तर तो याच एका शत्रूच्या मागे लागलेला दिसतो.

१९६६ ला तो हार्डवेअरच्या बाजूला गेला, आरसी ४००० नावाचा मिनी कॉम्प्युटर बनत होता तिथे, पीटर क्राफ्टबरोबर. या कॉम्प्युटरचं वर्णन त्याने अल्गोल ६० मध्ये लिहिलं, म्हणजे मशीन काय करणार हे इंग्लिशमधल्या गोलगोल वाक्यांनी न सांगता सरळ प्रोग्रॅम म्हणून. हे मशीन पोलंडमधल्या पुवावी इथल्या खताच्या कारखान्यावर लक्ष ठेवायला गेलं. आता रासायनिक कारखान्यात एकाच वेळी शंभर गोष्टी चालू असतात, तापमान बघायचं, प्रेशर बघायचं, अलार्म द्यायचे, ऑपरेटरने काही टाइप केलं तर त्याला उत्तर द्यायचं, म्हणजे कंकरन्सी ही त्याच्यासाठी पहिल्या दिवसापासून खरी अडचण होती, फळ्यावरची नाही.

त्यातून पुढे १९६९ ला आरसी ४००० ची मल्टिप्रोग्रॅमिंग सिस्टिम झाली, योर्न येन्सन आणि सोरेन लाउएसन यांच्यासोबत. एप्रिल १९७० मध्ये त्याचा 'न्यूक्लियस'वाला पेपर छापून आला. त्यातली कल्पना अशी की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा एकदम छोटा ठेवायचा, त्यात शेड्युलिंगची धोरणं, फाइल सिस्टिम वगैरे काही कोंबायचं नाही, फक्त प्रोसेस (म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम) तयार करता याव्यात आणि त्यांना एकमेकांशी बोलता यावं एवढंच ठेवायचं, बाकीचं ज्याला जसं पाहिजे तसं त्याने वर रचावं. बोलायला चार क्रिया होत्या: मेसेज पाठव, मेसेजची वाट बघ, उत्तर पाठव, उत्तराची वाट बघ. संपलं! आज मायक्रोकर्नल म्हणून जे शिकवतात त्याचं मूळ इथे आहे.

बरं, डच शास्त्रज्ञ डाइकस्ट्राचे सेमाफोर, म्हणजे 'आत जाऊ का' आणि 'बाहेर आलो' असे इशारे जे प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतः द्यायचे, तोपर्यंत येऊन गेले होते, मग ते का नाही वापरले? कारण सेमाफोर सगळ्यांच्या शहाणपणावर चालतात. एका प्रोग्रॅमने चुकून किंवा मुद्दाम क्रम बिघडवला की बाकीचे सगळे लटकले. आणि आरसी ४००० वर कोणाचाही कसलाही प्रोग्रॅम चालणार होता, त्याच्यावर भरवसा ठेवायचा कसा? म्हणून मेसेजच्या मध्ये न्यूक्लियस उभा. हा स्वभाव बघा, प्रोग्रॅमर नीट वागेल असं तो कधी धरूनच चालत नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

१९७० च्या शेवटी अॅलन पर्लिसने बोलावलं म्हणून तो पिट्सबर्गला कार्नेगी मेलनला गेला आणि तिथे बसून ऑपरेटिंग सिस्टिमचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. तोवर या विषयाला धड पुस्तकच नव्हतं, म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिमची वर्णनं होती पण याची तत्त्वं काय आणि ती कशी शिकवायची हे एका जागी नव्हतं. ते पुस्तक १९७३ ला आलं. आणि लिहिता लिहिता त्याला अडलं ते नेमकं शेअर्ड व्हेरिएबलपाशी, म्हणजे अनेक प्रोसेस मिळून वापरतात त्या डेटापाशी.

१९७१ च्या उन्हाळ्यात बेलफास्टला एक सेमिनार झाला, होरने भरवलेला, तिथे डाइकस्ट्रा, होर आणि ब्रिंच हॅन्सन तिघेही होते. होरने क्रिटिकल रीजनची कल्पना मांडली, म्हणजे शेअर्ड डेटाला हात लावणारा कोडचा तुकडा भाषेतच तसा लिहायचा आणि एका वेळी एकच प्रोसेस आत. डाइकस्ट्राने 'सेक्रेटरी' सुचवली, सगळ्या शेअर्ड डेटाचं काम बघणारी एकच बाई. आणि तिकडे नॉर्वेच्या डाल आणि नायगार्डच्या सिम्युला ६७ मध्ये क्लास होताच, डेटा आणि त्यावर चालणारी कामं एकत्र बांधलेली. १९७२ मध्ये ब्रिंच हॅन्सनने हे धागे एकत्र केले: डेटा, त्याच्यावर करायची कामं, आणि एका वेळी एकच आत हा नियम, तिन्ही एका पोटात, आणि तो नियम पाळायची जबाबदारी प्रोग्रॅमरची नाही तर भाषेची. पुस्तकात त्याने त्याला शेअर्ड क्लास म्हटलं, तोच मॉनिटर.

ज्यांनी कधी प्रोग्रॅमिंग केलं नाही पण इथपर्यंत वाचत आलेत त्यांच्यासाठी, आपल्या गल्लीतला डॉक्टरांचा दवाखाना डोळ्यापुढे आणा. बाहेर कंपाउंडर बसलेला, केबिनमध्ये एका वेळी एकच पेशंट, बाकीचे बाकड्यावर. आता आत गेलेल्याला डॉक्टर म्हणाले रिपोर्ट आल्याशिवाय औषध देता येणार नाही, तर तो काही रिपोर्ट येईपर्यंत केबिन अडवून बसत नाही, तो बाहेर येऊन वेगळ्या बाकड्यावर बसतो आणि पुढचा आत जातो, रिपोर्ट आला की त्याला परत हाक. ते वेगळं बाकडं म्हणजे मॉनिटरची वेटिंग क्यू. आणि मुख्य म्हणजे कंपाउंडर हा दवाखान्याचाच भाग आहे, पेशंटांनी आपसात ठरवून रांग पाळायची अशी व्यवस्था नाही. सेमाफोर म्हणजे ती आपसात ठरवायची व्यवस्था. व्हायवाच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या मते एवढंच आहे.

होरचा मॉनिटरवरचा पेपर ऑक्टोबर १९७४ चा, आणि तो फार सुंदर पेपर आहे, प्रश्नच नाही. त्याच्या सारांशाच्या पहिल्याच वाक्यात होरने सांगून टाकलंय की हा पेपर ब्रिंच हॅन्सनच्या मॉनिटरच्या कल्पनेचा विस्तार आहे. म्हणजे होरने स्वतः श्रेय दिलंय, विसरलो ते आपण, पुस्तकांनी आणि नोट्सनी.

दोघांच्या मॉनिटरमध्ये एक बारीक फरक आहे आणि जावावाल्यांनी तो समजून घेण्यासारखा आहे. आतल्या प्रोसेसने वाट बघणाऱ्याला 'चल, तुझी वेळ झाली' असा सिग्नल दिला की पुढे काय? दोघेही एकदम आत राहू शकत नाहीत. होर म्हणाला, सिग्नल देणारा थांबेल, जागा झालेला आधी चालेल, मग पहिला परत आपलं उरलेलं काम करेल. ब्रिंच हॅन्सन म्हणाला, एवढा गुंता कशाला, सिग्नल देणं हेच शेवटचं काम, सिग्नल दिला की मॉनिटरमधून बाहेर. पुढे झेरॉक्सच्या मेसा भाषेत तिसराच प्रकार आला, त्यावर लॅम्पसन आणि रेडेलचा १९८० चा पेपर आहे, तिथे सिग्नल देणारा आपलं काम चालूच ठेवतो आणि जागा झालेला सवडीने आत येतो, पण तोवर परिस्थिती परत बदललेली असू शकते. जावाने हा तिसरा प्रकार घेतला. म्हणून तर जावात वेट नेहमी व्हाइल लूपमध्येच लिहायचं, इफमध्ये नाही, जागं झाल्यावर परत तपासायचं. आपल्याला कोणीतरी 'व्हाइलच लिहायचं, विचारू नको' असं सांगितलेलं असतं, कारण हे आहे. ब्रिंच हॅन्सनच्या पद्धतीत इफ पुरतं, कारण सिग्नल देणारा बाहेर पडला आणि वाट बघणारा लगेच त्याच्या जागी आला, मधे तिसरा कोणी घुसूच शकत नाही.

१९७२ ला तो कॅल्टेकला गेला, आणि तिथे त्याने माझ्या मते आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम केलं. कागदावरची कल्पना खरी करून दाखवली. कंकरंट पास्कल, मॉनिटर असलेली पहिली प्रोग्रॅमिंग भाषा. कंपायलर लिहिला त्याच्या विद्यार्थ्याने, अल हार्टमनने, आणि जानेवारी १९७५ मध्ये तो पीडीपी ११/४५ वर चालायला लागला. कंपायलर थेट मशीनची भाषा बनवत नव्हता, एका काल्पनिक साध्या मशीनसाठी कोड बनवायचा आणि छोटा इंटरप्रिटर तो चालवायचा, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचं तर फक्त तो छोटा भाग नव्याने लिहायचा. जावाचा बाइटकोड आठवला ना?

पण मला जास्त भावतं ते या भाषेत काय करता येत नाही ते. प्रोसेसला फक्त स्वतःचा खाजगी डेटा दिसतो, दुसऱ्या प्रोसेसचा व्हेरिएबल दिसतच नाही, आणि शेअर करायचं तर मॉनिटरमधूनच. कुठली प्रोसेस कुठल्या मॉनिटरला हाक मारू शकते ते सुरुवातीलाच लिहून द्यायचं, आणि त्या हक्कांची उतरंड अशी की अ ने ब ला बोलावलंय आणि ब ने फिरून अ ला, असं चक्र होऊच शकत नाही, म्हणजे मॉनिटरच्या हाकांमधून होणारा डेडलॉक (सगळे एकमेकांची वाट बघत अडकून बसणं) मुळातच गेला. रिकर्शन, म्हणजे कोडने स्वतःलाच हाक मारणं, नाही. मधेच नवीन प्रोसेस जन्माला घालणं नाही. वेटिंग क्यूमध्ये एका वेळी एकच प्रोसेस बसणार, जास्त पाहिजेत तर क्यूंचा अॅरे करा आणि कोणाला आधी उठवायचं ते तुम्ही ठरवा. हे सगळं कंपायलर तपासतो, आणि नियम मोडला तर प्रोग्रॅम बनतच नाही. वरचं ते १००० आणि ८०० वालं उदाहरण कंकरंट पास्कलमध्ये लिहूनच दाखवता येणार नाही, कारण शिल्लक हा व्हेरिएबल दोन प्रोसेसना उघडा दिसण्याची सोयच नाही.

याच भाषेत त्याने सोलो नावाची एका माणसासाठीची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, पेपर १९७६ चा. थरावर थर रचलेली, प्रत्येक तुकडा छापला तर एका पानापेक्षा कमी. ज्या काळात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीन लँग्वेजचे ढिगारे असायचे त्या काळात. आणि त्याने नुसती करून ठेवली नाही, अख्खा प्रोग्रॅम १९७७ च्या पुस्तकात छापला, ओळ अन् ओळ, म्हणजे वाचणाऱ्याने नुसते दावे वाचायचे नाहीत तर कोडच वाचायचं. याच कामावर १९७८ ला त्याला त्याच्याच जुन्या युनिव्हर्सिटीने डॉक्टरेट दिली. तोवर तो डॉक्टरेटशिवायच प्रोफेसर होता, हे पण लक्षात घ्या.

टेस्टिंगवरचा त्याचा १९७८ चा पेपर मात्र फार कोणी वाचत नाही, आणि माझ्यासारख्याला तो सोन्यासारखा आहे. मॉनिटर टेस्ट करायचा कसा, जर दर वेळी क्रम वेगळा येणार असेल? तर तो म्हणतो टेस्टपुरतं एक घड्याळ ठेवा, आणि कुठली प्रोसेस घड्याळाच्या कितव्या ठोक्याला मॉनिटरला हाक मारणार ते आधी कागदावर ठरवा. एकाला 'वाट बघ'पर्यंत न्यायचं, दुसऱ्याला पुढच्या ठोक्याला आणायचं, असं करत मॉनिटरमधली प्रत्येक शक्यता एकदा तरी घडवून आणायची. परत चालवलं की अगदी तेच परत. ते सीटचं प्रकरण झाल्यावर आम्ही बॅरिअर आणि लॅच (थ्रेडना ठरलेल्या जागी थांबवून ठेवायची जावातली साधनं) वापरून साधारण हेच करायला शिकलो, आणि नंतर हा पेपर हाती लागला, आमच्यातल्या कित्येकांच्या जन्माच्या आधीचा.

१९७६ ला तो सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स विभागाचा पहिला प्रमुख म्हणून गेला. १९७८ ला डिस्ट्रिब्युटेड प्रोसेसेसचा पेपर, ज्यात शेअर्ड मेमरीच नसलेल्या प्रोसेस एकमेकांच्या प्रोसिजर बोलावतात. मग १९८१ ला एडिसन भाषा, आणि इथे त्याने जे केलं ते करायला हिंमत लागते, त्याने स्वतःचाच मॉनिटर काढून टाकला. क्लास, मॉनिटर, प्रोसेस असे वेगवेगळे प्रकार कशाला, साधे मॉड्यूल आणि एक 'जेव्हा' स्टेटमेंट ठेवूया, त्यातूनच मॉनिटर बांधता येतो. ज्या गोष्टीने नाव झालं तीच गोष्ट भाषा लहान करायची म्हणून बाहेर काढायची! सगळ्यांना पटलं असं नाही, मलाही वाटतं की कंकरंट पास्कलमध्ये कंपायलर जेवढा पहारा द्यायचा तेवढा एडिसनमध्ये उरला नाही, आणि मॉनिटर नेमका त्या पहाऱ्यासाठी होता. पण साधेपणा हा त्याचा ध्यास होता हे इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९९६ ला त्याने निवडक पेपरांचं पुस्तक काढलं त्याचं नावच साधेपणाचा शोध असं आहे.

मधे १९८४ ते ८७ तो कोपनहेगनला परत जाऊन आला, तिथे जॉइस नावाची भाषा केली, होरच्या सीएसपीवर आधारलेली, म्हणजे चॅनलवरून मेसेज पाठवणारी. गो भाषेचे चॅनल त्याच घराण्यातले. मग १९८७ पासून शेवटपर्यंत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीत.

सिरॅक्यूजचा काळ सहसा कोणी सांगत नाही, मला तो आवडतो. त्याला खरंखुरं पॅरलल मशीन मिळालं, मीको कंपनीचं कंप्युटिंग सरफेस, ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरचं, आणि या वयात हा माणूस शास्त्रीय गणितं शिकायला बसला, मॅट्रिक्स, ग्रहताऱ्यांच्या आकर्षणाची गणितं, मोठ्या संख्या मूळ आहेत का ते तपासणं, असलं. आणि त्याला दिसलं की विषय वेगवेगळे असले तरी पॅरलल प्रोग्रॅमचा सांगाडा पुन्हा पुन्हा तोच येतोय. म्हणजे हाउसहोल्डर रिडक्शन हे शुद्ध मॅट्रिक्सचं काम आणि एन-बॉडी हे भौतिकशास्त्राचं, एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्हीकडे प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालायची असते, म्हणून एकच पाइपलाइन दोन्हीला चालते, फक्त आतलं गणित बदलायचं. असे सांगाडे त्याने वेगळे काढले आणि प्रत्येकासाठी पूर्ण चालणारे नमुना प्रोग्रॅम लिहिले, १९९५ ला त्याचं पुस्तक झालं. ते शिकवायला म्हणून आधी १९९४ मध्ये सुपरपास्कल पण केली, आणि त्यात पुन्हा तेच, दोन पॅरलल तुकडे एकमेकांच्या व्हेरिएबलला हात लावतायत का ते कंपायलरने पकडायचं.

आणि मग जावा आली.

एप्रिल १९९९ मध्ये त्याने जावाच्या असुरक्षित पॅरललिझमवर एक छोटा लेख लिहिला, आणि तो वाचताना माणूस किती दुखावलाय ते जाणवतं. मॉनिटर आणि कंकरंट पास्कल येऊन पाव शतक झाल्यावरही हे असलं पॅरललिझम प्रोग्रॅमर लोक गंभीरपणे घेतात याचं आश्चर्य वाटतं, यात काही गुण नाही, असं त्याने सरळ लिहिलं. मी जावावर पोट भरतो आणि जावा मला आवडते, तरी मला त्याचं म्हणणं पूर्ण पटतं.

का ते बघा. एक क्यूचा क्लास लिहा, त्यात तीन मेथड, टाक, काढ, आणि किती. टाक आणि काढवर सिंक्रोनाइज्ड (म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत) लिहिलं. कितीवर लिहायचं राहिलं, कारण ती तर नुसतं वाचते. कंपायलर काही म्हणतो का? एक शब्द नाही, साधी वॉर्निंग पण नाही. आता एक थ्रेड टाकतोय, दुसरा त्याच वेळी किती विचारतोय, त्याला अर्धवट किंवा जुनी किंमत मिळू शकते, आणि त्या किमतीवर तो निर्णय घेऊन मोकळा. त्यात व्हेरिएबलला प्रायव्हेट लिहायचं राहिलं तर त्या पॅकेजमधला कुठलाही क्लास कुलूप न लावता थेट आत. म्हणजे जावात मॉनिटर आहे, पण दार बंद ठेवायचं काम परत आपल्याकडेच. ब्रिंच हॅन्सनने जो नियम प्रोग्रॅमरच्या हातातून काढून कंपायलरकडे दिला होता तो जावाने उचलून परत प्रोग्रॅमरला दिला, आणि वर नाव मॉनिटरचंच ठेवलं.

जावाची बाजू पण सांगायला पाहिजे. कंकरंट पास्कलमध्ये प्रोसेस किती ते आधीच ठरलेलं, मेमरी ठरलेली. तसल्या भाषेत आजचा वेब सर्व्हर लिहिताच येणार नाही, जिथे सकाळी दहा रिक्वेस्ट असतात आणि सेल लागला की लाखो. जावाने तो मोकळेपणा दिला, आणि २००४ ला जावा ५ मध्ये मेमरी मॉडेल (एका थ्रेडने लिहिलेलं दुसऱ्याला कधी दिसेल याचे नियम) दुरुस्त केलं, डग ली आणि मंडळींनी कंकरन्सीची जी लायब्ररी दिली तिच्यावर आज आमच्यासारख्यांचं सगळं चालतं. पण मोकळेपणा आणि कंपायलरचा पहारा हे एकत्र नांदूच शकत नाहीत असं जे आम्हाला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं ते खरं नव्हतं, हे रस्टने दाखवून दिलं. २०१५ ला रस्टची पहिली पक्की आवृत्ती आली, त्यात लॉकच्या आत ठेवलेल्या डेटाला लॉक घेतल्याशिवाय हातच लावता येत नाही, आणि जी गोष्ट थ्रेडमध्ये वाटून घेणं सुरक्षित नाही ती दुसऱ्या थ्रेडला दिली तर कंपायलर तिथेच अडवतो. स्विफ्टने पण २०२४ मध्ये सहाव्या आवृत्तीत हाच रस्ता धरला. डेडलॉक अजूनही होऊ शकतो, त्याबाबतीत कंकरंट पास्कलची ती हक्कांची उतरंड आजही पुढे आहे. पण डेटा रेस (दोन थ्रेडनी एकाच डेटाला कुलपाशिवाय एकदम हात लावणं) कंपायल होतानाच पकडायची हे तो पन्नास वर्षांपूर्वी करून बसला होता, आणि दुर्दैव असं की हे परत येताना बघायला तो राहिला नाही.

२००२ ला त्याला कॉम्प्युटर पायोनिअर अॅवॉर्ड मिळालं, आरसी ४०००, मॉनिटर आणि कंकरंट पास्कल या तीन कामांची नावं घेऊन. त्याच सुमाराला त्याने जुने मूळ पेपर एकत्र करून दोन संग्रह संपादित केले, एक ऑपरेटिंग सिस्टिमचा आणि एक कंकरंट प्रोग्रॅमिंगचा, ज्यात डाइकस्ट्रा, होर सगळे आहेत. २००४ ला आत्मचरित्र लिहिलं आणि स्वतःच्या वेबसाइटवर ठेवून दिलं. ३१ जुलै २००७ ला कॅन्सरने गेला.

कोणाला वाचायचं असेल तर पाठ्यपुस्तकापासून सुरुवात करू नका, १९९३ मध्ये त्याने मॉनिटर आणि कंकरंट पास्कलचा स्वतःच्या तोंडून इतिहास सांगितलाय तो पेपर आधी घ्या, एका रविवारी होतो वाचून, त्यात कुठली कल्पना कोणाकडून आली आणि कुठे तो अडला ते सगळं तारखांसकट आहे. आमच्या टीममध्ये नवीन कोणी आलं की मी त्यांना तो पाठवतो आणि सोबत एक काम देतो: आपल्या कोडमधला कुठलाही एक शेअर्ड क्लास घ्यायचा आणि कंकरंट पास्कलच्या नियमांनी तपासायचा, म्हणजे बाहेरून थेट दिसणारा एकही व्हेरिएबल नको, कुलपाशिवायची एकही मेथड नको, आणि हा क्लास कोणाला हाक मारतो आणि त्याला कोण हाक मारतं याचं चित्र काढायचं, चक्र दिसलं तर मला येऊन दाखवायचं. गेल्या महिन्यात जॉइन झालेल्या मुलीने पेमेंटच्या मॉड्यूलमध्ये असं एक चक्र शोधून दाखवलं, त्याचा पॅच आता रिव्ह्यूला आहे.